आचारी तापानं फणफणलाय आणि खाडा कुणालाच परवडत नाही

"नमस्कार ताई. मी सोलापुरात एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत सहा वर्षं भाकऱ्या करते. वय ४१. तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय, ते आठवड्यातून एकदा, रविवारी घेते. सोबत स्टेरॉइडची छोटी गोळी रोज. गोळ्यांनी हात चालतात, पण अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, दुसऱ्याचा आजार लवकर लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही कामाला अकरा जण आहोत. मागच्या महिन्यात आचाऱ्याला उलट्या-जुलाब चालू होते तरी तो आला. दोन दिवस त्यानंच कांदा-लिंबू चिरलं, पिठलं केलं. मग मला तेच झालं. दोन दिवस दवाखान्यात सलाइनवर होते. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेले, कारण पगार आधीच कापला होता. आता वाढप्याला तीन आठवडे खोकला आहे. मी मालकांना म्हणाले, आजारी माणसाला घरी पाठवा. ते म्हणाले, 'एवढी नाजूक आहेस तर तूच घरी बस.' मास्क लावला तर बायका हसतात, 'आम्ही काय रोगट आहोत का?' म्हणतात. माझा आजार मी कुणालाच सांगितलेला नाही. सांगितला तर भाकरीला हात लावू देणार नाहीत असं वाटतं. पगार बारा हजार, मुलगी बारावीला आहे. मी काम सोडू का? का माझंच चुकतंय?"

ताई,

तुमचं चुकलेलं नाही. पण बाकीच्या गोष्टींआधी वाढप्याचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडक्याची तपासणी करून घ्यायची, हा क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे. त्याला तीन आठवडे झालेत. खोकला तंबाखूचा असेल, फोडणीच्या ठसक्याचा असेल, दम्याचा असेल. पण तपासल्याशिवाय ते कळणार नाही, आणि तुमच्या गोळ्यांमुळे क्षयाचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. तपासणी आणि पुढची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, किंवा त्याच्या घराजवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात त्याला जाता येईल. क्षय निघालाच तर उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये त्याच्या खात्यावर जमा होतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. औषध नेमानं सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका बराच उतरतो, आणि साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. हे सगळं त्याला सांगा, कारण त्याला रोगापेक्षा काम जाण्याची भीती जास्त असणार.

त्याचा पेला मात्र वेगळा काढू नका. क्षय भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. पेला वेगळा केला तर तुमचा बचाव काहीच होत नाही आणि त्याचा चारचौघांत अपमान होतो. निकाल येईपर्यंत त्यानं मास्क लावावा आणि तुम्ही उघड्या दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला बसावं. तुमच्या आमवाताच्या डॉक्टरांनाही याच आठवड्यात सांगा की तीन आठवडे खोकणाऱ्या माणसासोबत एका खोलीत काम करते. तुमची काही तपासणी करायची का, ते त्यांना ठरवू द्या.

आता मालकांचं ते 'नाजूक'. पत्र वाचताना मला वाटलं, तुम्हीही ते थोडंसं मनाला लावून घेतलंय. म्हणून सांगते. उलट्या-जुलाब होत असताना आचाऱ्यानं त्या दोन दिवसांत चुलीपाशी यायलाच नको होतं, आणि याचा तुमच्या आमवाताशी संबंधच नाही. तुमच्या जागी धडधाकट बाई असती तरी तेच. त्या दोन दिवसांत तुमच्याकडे जेवून गेलेले एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, परगावाहून कामाला आलेली माणसं, दवाखान्यात पेशंटजवळ राहिलेले नातेवाईक, यातल्या कितीजणांना पुढे त्रास झाला हे कुणी मोजलेलं नाही. त्यांच्यातही कुणी साखरेचा पेशंट असेल, कुणाची केमो चालू असेल, कुणी पोटुशी असेल. तुम्ही मालकांकडे मागितलं ते त्या सगळ्यांसाठीही होतं.

आणि कायदा नेमकं हेच सांगतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे, त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम २०११ चे. त्यातल्या चौथ्या अनुसूचीत लिहिलंय की कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासोबत घसा दुखणं, पू धरलेली जखम किंवा फोड, कान-डोळे-नाक वाहणं, असं काही असलेल्या माणसानं ते व्यवस्थापनाला कळवायचं आणि अन्नापासून दूर राहायचं. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी करायची, विषमज्वरासारख्या पोटाच्या रोगांची लस द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. हे सगळं धंदा चालवणाऱ्यानं करायचं आहे. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केलं तर या कायद्यात १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मालकांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. परवाना काढून देणाऱ्या माणसानं कागद भरून दिले आणि ते गल्ल्याच्या खणात पडून राहिले, एवढंच झालेलं असतं.

तरीही मी तुम्हाला उद्याच अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा असं सांगणार नाही. तक्रार करता येते, मोबाइलवर 'फूड सेफ्टी कनेक्ट' नावाचं ॲपही आहे. पण अकरा जणांच्या खानावळीत तक्रार कुणी केली हे संध्याकाळपर्यंत कळतं. आणि तक्रारीनंतर अधिकारी आले तर फरशी धुतली जाईल, टोप्या येतील, आचारी मात्र पुढच्या तापातही येतच राहील, कारण तो ज्या कारणानं येतो ते कारण तिथेच असेल.

त्या कारणाकडे नीट बघू. तुमचा पगार बारा हजार, म्हणजे खाड्याला चारशे रुपये. आचाऱ्याचा पगार जास्त असेल, तर त्याचा खाडाही तेवढाच महाग. शिवाय तो नसला तर खानावळच अडते, म्हणून मालक त्याला फोन करून बोलावतात. तुम्ही स्वतः काय केलंत? सलाइन निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी परातीसमोर बसलात. मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्याकडे तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण ज्या कारणानं तुम्ही गेलात त्याच कारणानं आचारी आला होता.

मेरी मॅलनची गोष्ट जगभर सांगतात, ती बहुतेक वेळा अर्धीच सांगतात. ही न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण. १९०७ मध्ये लक्षात आलं की ती स्वतः ठणठणीत असूनही तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू आहेत आणि ती जिथे स्वयंपाक करते तिथे लोक आजारी पडतात. तिला एका बेटावरच्या रुग्णालयात कोंडलं. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडलं. तिनं कपडे धुण्याचं काम धरलं, पण त्यात पैसा कमी. मग नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात २५ जणांना विषमज्वर झाला. त्यानंतर १९३८ मध्ये मरेपर्यंत ती बंदिवासातच राहिली. लोक तिला खलनायिका करतात. मला मात्र त्या मधल्या वर्षांचं वाटत राहतं. स्वयंपाकाइतका पगार देणारं दुसरं काम तिला कुणी मिळवून दिलं असतं तर त्या पंचवीस जणांचं काय झालं असतं?

म्हणून तुमच्या खानावळीत बदलायची गोष्ट एकच आहे. आजारी माणसाचा त्या दिवसाचा पगार बुडता कामा नये. ते झालं तर बाकीचं पुष्कळसं आपोआप होतं. ते झालं नाही तर नियमाचा कागद भिंतीवर चिकटवूनही काही होत नाही.

त्यासाठी पहिला मार्ग ईएसआयचा, म्हणजे राज्य कामगार विम्याचा. सोलापुरात गिरण्या चालू होत्या त्या काळापासून विमा दवाखाना लोकांना माहीत आहे, पण हॉटेल-खानावळीतल्या माणसाला तो आपला वाटत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की आस्थापना या विम्यात येते, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तो लागू होतो. तुम्ही अकरा जण आहात. तुमच्या बारा हजारांवर मालकांनी सव्वातीन टक्के भरायचे, म्हणजे ३९० रुपये, आणि तुमच्या पगारातून पाऊण टक्का जाणार, म्हणजे ९० रुपये. त्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्यांना औषधोपचार, आणि डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली तर पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या ठरावीक काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणून आज नाव घातलं आणि उद्या पैसे मिळाले असं होत नाही. पण तुमचा आजार जन्मभराचा आहे. दर महिन्याच्या रक्ततपासण्या, गोळ्या, आमवाताच्या डॉक्टरांची फी हे सगळं आज खिशातून जातंय. तुमच्यासाठी यातला औषधोपचाराचा भाग भत्त्याहूनही मोठा आहे.

मालक कचरतील, कारण अकरा माणसं कागदावर दाखवावी लागतील. बरेच मालक पाच-सहाच दाखवतात. तिथे भांडण करायचं का, हे तुम्हा सगळ्यांना मिळून ठरवावं लागेल. एकटीनं हा विषय काढू नका. आचाऱ्याला पुढे करा. त्याच्याशिवाय खानावळ चालत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकलं जातं. आणि सगळ्यात जास्त गरज त्यालाही आहे, हे त्याला त्या जुलाबाच्या दोन दिवसांत कळलेलं असणार.

ईएसआय होईपर्यंत मधल्या काळासाठी आजारपणाची भिशी करा. अकरा जणांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर ११०० होतात. मालकांना तेवढेच घालायला सांगा. २२०० रुपयांत चारशेच्या हिशोबानं पाच खाडे भरून निघतात आणि वर दोनशे उरतात. दर महिन्याला एवढे खाडे होणार नाहीत, त्यामुळे पैसे साठत जातील. अडचण विश्वासाची येते, कुणी खोटं आजारी पडलं तर काय, ही. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की भिशीतून फक्त उलट्या, जुलाब, ताप, कावीळ, डोळे येणं, कांजिण्या एवढ्यांचेच पैसे मिळतील. सर्दीला नाही. नुसती सर्दी असलेला माणूस मास्क लावून गल्ल्यावर बसू शकतो, फरशी पुसू शकतो. त्याला घरी पाठवायची गरज नाही, अन्नापासून लांब ठेवलं की पुरे.

मालकांशी बोलायचं ते दुपारी साडेतीन-चारला, गर्दी ओसरल्यावर. सोबत आणखी एकजण हवा. तुमच्या आजाराचा शब्दही काढू नका. सांगायचं ते असं: "मालक, मागच्या महिन्यात आचाऱ्याला बरं नव्हतं तेव्हा आपलं नशीब चांगलं होतं, कुणी गिऱ्हाईक बोंबलत आलं नाही. एकजण जरी आला असता तर नाव खानावळीचं गेलं असतं. उलट्या-जुलाब, ताप, कावीळ असलेल्याला पगार न कापता सुट्टी द्या. त्याचं काम आम्ही ओढतो." त्यावर ते विचारतील, आचारी नसला तर स्वयंपाक कोण करणार? याचं उत्तर घेऊनच जा. पिठलं कोण करेल, आमटी कोण बघेल, त्या दिवशी फळ्यावरच्या कुठल्या दोन भाज्या कमी करायच्या, हे आधी आपसात ठरवा. गड्ड्याच्या जत्रेच्या आणि आषाढीच्या दिवसांत गर्दी असते आणि तेव्हाच कुणी सुट्टी देत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी बदलीची एखादी बाई आधीच सांगून ठेवा. मालकाला नियम सांगितला की राग येतो, पण सोय करून दिली की तो ऐकतो, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

त्यांच्याकडून आणखी एक मागा, फार खर्चाचं नाही. हात धुण्यासाठी तोटीचं पिंप आणि साबण, चुलीपासून चार पावलांवर. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवलेलं पाणी जपून वापरायची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. स्वयंपाकघरात माणसं हात धुण्यात पाणी वाचवतात किंवा एकाच बादलीत सगळे हात बुचकळतात. उलट्या-जुलाबांचे काही विषाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, वीस सेकंद, नखांच्या कडा आणि अंगठे धरून. भाकरी तव्यावर आणि निखाऱ्यावर भाजली जाते, तिथे जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो भाजून झाल्यावर हाताळलेल्या भाकरीत, कांद्यात, लिंबात, कोशिंबिरीत, दह्यात आणि ओल्या हातानं काढलेल्या शेंगाच्या चटणीत. ज्याच्या पोटाला बरं नाही त्याचा हात या जिनसांना लागू नये, एवढं सगळ्यांना कळलं तरी खूप आहे.

आजार लागण्याची दुसरी जागा म्हणजे तुमचं दुपारचं जेवण. सगळे एकत्र बसता, तांब्या एक, पुसायचं फडकं एक, कालवण एकमेकांच्या ताटातलं. ते एकत्र जेवण सोडू नका, तुम्हाला तिथे मैत्रिणी हव्या आहेत. फक्त आपली पाण्याची बाटली आणि हात पुसायला आपला छोटा पंचा घरून न्या, आणि ताटात वाढून घेतल्यावर कुणाचा हात पडणार नाही असं बसा. याचं कुणाला वाईट वाटत नाही.

मास्कचं म्हणाल तर तो खोकणाऱ्या माणसाजवळ असताना उपयोगाचा आहे. पोटाच्या आजारापासून तो वाचवत नाही. मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या वर पारा आणि समोर पेटलेली चूल असताना दिवसभर मास्क लावणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि घामानं भिजलेला मास्क कामाचाही नसतो. गरज असेल तेव्हाच लावा, दोन-तीन जवळ ठेवा. हसणाऱ्या बायकांना सांगा, "माझ्या गोळ्यांमुळे मला सर्दी-खोकला लवकर लागतो, म्हणून लावते." हे खरंही आहे आणि यात त्यांच्यावर आरोप नाही.

यातून आजाराचा विषय निघेल. आमवात लागट नाही. तो भाकरीतून, हातातून, गोळ्यांमधून कुणाला जात नाही. अन्न हाताळायला कायद्यानं मनाई आहे ती संसर्गाच्या आजारांना, त्यात हा येत नाही, आणि वर्षाची डॉक्टरी तपासणी झाली तरी यामुळे तुम्हाला अडवायचं कारण नाही. मालकांना सांगायची आत्ता गरज नाही. पण एकीला सांगा, शेजारच्या चुलीवर बसते तिला. तुम्हाला कामावर चक्कर आली आणि कुणी जवळच्या दवाखान्यात नेलं तर तुम्ही मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड घेता हे सांगणारं कुणीतरी हवं. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये ठेवा. शिवाय हे तीन वर्षं एकटीनं छातीवर घेऊन बसलाय तुम्ही. ते फार झालं.

औषधांबद्दल जे पुढे लिहिते ते डॉक्टरांसमोर ठेवायचे प्रश्न म्हणून घ्या, आणि आजारी पडण्याआधी विचारा. ताप किंवा जुलाब चालू असताना रविवारची मेथोट्रेक्सेट घ्यायची की थांबवायची? हे महत्त्वाचं आहे, कारण हे औषध लघवीवाटे बाहेर जातं. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ते शरीरात साठून राहतं आणि त्याचा विषारी परिणाम होऊ शकतो. मागच्या महिन्यात त्या रविवारी गोळी घेतली होती का, तेही त्यांना सांगा. स्टेरॉइडची गोळी मात्र आजारपणात स्वतःहून बंद करायची नाही. रोज घेणाऱ्यानं ती अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं, उलट तापात कधीकधी ती वाढवावी लागते. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. आणि मेडिकलवाल्याकडून जुलाबाची किंवा अंगदुखीची गोळी आणून घ्यायची सवय असेल तर ती आजपासून सोडा. को-ट्रायमोक्साझोल नावाचं एक जुनं प्रतिजैविक लोक पोटासाठी, लघवीच्या जळजळीसाठी घेतात. मेथोट्रेक्सेटसोबत ते गेलं तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच: "मी मेथोट्रेक्सेटवर आहे, आठवड्यातून एकदा." 'आठवड्यातून एकदा' हे ठासून सांगा. चुकून रोज दिलं गेल्यानं माणसं दगावली आहेत.

लशींचंही विचारा. फ्लूची दरवर्षीची सुई, न्यूमोनियाची लस, विषमज्वराची सुई या तुमच्यासारख्यांना सहसा देतात. विषमज्वराची तोंडानं घ्यायची लस आणि कांजिण्यांची लस जिवंत जंतूंची असते, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठल्याही शिबिरात घेऊ नका. तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का हे आईला किंवा मावशीला विचारून ठेवा. आल्या नसतील आणि कामावर कुणाला निघाल्या, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्या पहिल्या काही दिवसांतच काही करता येतं.

आता तुमच्याबद्दल एक अवघड गोष्ट. पुढच्या वेळी तुम्हाला उलट्या-जुलाब झाले तर शेवटचा जुलाब थांबल्यापासून पूर्ण ४८ तास परातीला हात लावायचा नाही. बरं वाटायला लागल्यावरही काही दिवस विष्ठेतून जंतू जात असतात. मागच्या महिन्यात तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात तेव्हा तुमच्या हातून गिऱ्हाइकांना तो धोका होता, जसा आचाऱ्याच्या हातून तुम्हाला झाला. जो नियम त्याच्यासाठी मागताय तो तुम्हाला सगळ्यात आधी पाळावा लागेल, नाहीतर तुमच्या बोलण्याला वजन राहणार नाही. भिशीतले पहिले पैसे तुम्हालाच लागले तर संकोच न करता घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, काम सोडू का. आज सोडू नका. सहा वर्षांची ओळख आहे, मुलीचं बारावीचं वर्ष आहे, आणि दुसऱ्या खानावळीतही आजारी आचारी असतोच. दोन-तीन महिने वर लिहिलेलं करून बघा. पण वाढप्याला क्षय निघाला आणि तरी मालकांनी त्याला लगेच वाढायला उभं केलं, किंवा सगळ्यांनी मिळून बोलूनही आजारपणाचा पगार कापणं थांबलं नाही, किंवा डॉक्टरांनी तुमचं औषध वाढवून आणखी जपायला सांगितलं, तर मन घट्ट करून दुसरं बघायला लागा.

भाकरीवर तुमचा हात बसलेला आहे, तो तुमच्याबरोबर येतो. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं काम घरून किंवा बचत गटातून करणाऱ्या बायका आहेत, त्यांचा माल पुण्या-मुंबईला जातो. तिथे माणसं कमी, वेळ आपल्या हातात, आणि सकाळी बोटं वळत नाहीत तेव्हा तासभर उशिरा सुरुवात करता येते. अन्नधंद्याची नोंदणी तिथेही लागते आणि हात धुण्याचे नियमही तेच. पण रोज सलग थापणं तुमच्या मनगटांना किती वर्षं झेपेल हे डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा. पॅकिंग, हिशोब, माल पोचवणं यातलंही काम धरता येतं. दुसऱ्या खानावळीत गेलात तर पगार ठरवताना त्याच बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या: ईएसआय आहे का, आणि तापात घरी राहिलं तर खाडा कापता का.